घेतलेल्या गाडीवरचा विश्वास उडाला तर काय करावं?

रानवाट:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

दोनेक वर्षांपूर्वी आम्ही नवीकोरी ऑटोमॅटिक गाडी घेतली. ड्युअल क्लच गिअरबॉक्स, त्यातही ड्राय क्लचवाला. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. मला बदनामी करायची नाही, वाट हवी आहे. घेण्याआधी भरपूर वाचलं होतं, टेस्ट ड्राइव्ह घेतली होती, ओळखीतल्यांना विचारलं होतं. मोकळ्या रस्त्यावर ही गाडी आजही सुरेख चालते. गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नाही.

पण अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये सापडली की पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गचके द्यायला लागते. चढावर ब्रेक सोडला की क्षणभर मागे सरकते आणि मग एकदम पुढे झेपावते. मध्यंतरी चौक ओलांडताना अचानक ताकदच गेली. डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा, मागे ट्रक हॉर्न वाजवतोय आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी पुढे जायला तयार नाही. मागच्या सीटवर आई होती. त्या दिवसापासून आई या गाडीत बसायचं टाळते. तसं बोलून दाखवत नाही, पण मला कळतं.

सर्व्हिस सेंटरला नेली की गाडी अगदी नीट चालते. जॉब कार्डवर दर वेळी तेच वाक्य: ‘तक्रार आढळली नाही.’ शेवटच्या खेपेला तर अ‍ॅडव्हायझरने सांगितलं, की मॅडम, दोष गाडीत नाही, तुमच्या चालवण्याच्या पद्धतीत आहे. मी कॉलेजात असल्यापासून गाडी चालवते आहे. ते वाक्य फार लागलं.

आता अशी अवस्था आहे की लांब जायचं ठरलं की आम्ही भाड्याची गाडी बघतो, आणि हप्ते मात्र या गाडीचे भरतो. नवऱ्याचं म्हणणं, एवढे पैसे घातलेत, वॉरंटी शिल्लक आहे, राहू दे. मला ती दारात नको झाली आहे. विकावी का? आणि विकली तर घेणाऱ्याला हे सगळं सांगायचं का? दुसऱ्या प्रश्नाने मला पहिल्यापेक्षा जास्त छळलं आहे.


टॉर्क:

रानवाटताई, मी गाड्यांची कामं करण्यात उभं आयुष्य घालवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तुम्ही पहिल्यावर असता तेव्हा दुसरा आधीच लावून ठेवलेला असतो, एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर गिअर बदललेला कळत नाही. ‘ड्राय’ म्हणजे या क्लचप्लेट तेलात बुडालेल्या नसतात, त्यांची उष्णता हवेनेच जायची. ट्रॅफिकमध्ये गाडी रांगते तेव्हा क्लच धड सुटलेलाही नसतो आणि धड पकडलेलाही नसतो. तो घसरत राहतो, घासला जातो, तापतो. तापला की पकड बदलते आणि कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेला ‘क्लच नेमका कुठे पकडतो’ हा बिंदू चुकायला लागतो. तुमचे गचके, मागे सरकणं, मग झेपावणं, तिन्ही गोष्टी यातूनच येतात. फार तापलं तर गिअरबॉक्स स्वतःला वाचवायला ताकद तोडतो. चौकात झालं ते बहुतेक हेच.

आता सर्व्हिस सेंटरला का सापडत नाही ते बघा. तुम्ही गाडी देता, ती उभी राहते, थंड होते. मग कुणीतरी ती दहा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणतो. थंड क्लचवर हा दोष दिसणारच नाही. तेव्हा ‘आढळली नाही’ हे खोटं नसेलही, पण तपासणीच चुकीची आहे.

असं करा. गर्दीच्या वेळी, गाडी गचके द्यायला लागली की तशीच थेट सर्व्हिस सेंटरला न्या, इंजिन बंद करू नका, आणि टेक्निशियनला शेजारी बसवून पुन्हा त्याच गर्दीत घाला. त्याने सोबत स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, लावून घ्यावा. क्लचचं तापमान आणि घसरण दोन्ही चालत्या गाडीत वाचता येतं. आणि काम सुरू व्हायच्या आत जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘गिअरबॉक्स चेक करणे’ असं मोघम नको. ‘अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवल्यावर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गचका, चढावर मागे सरकते, तापल्याचा इशारा येऊन ताकद जाते’ असं पूर्ण. सही करण्याआधी वाचा. पुढे भांडायची वेळ आली तर हाच कागद बोलेल.


शंकासूर:

माझं तर स्पष्ट मत आहे, ऑटोमॅटिक घेऊच नये. मॅन्युअलला हे असले प्रकार नाहीत.


टॉर्क:

@शंकासूर, तसं सरसकट म्हणू नका. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. ती दिवसभर रांगली तरी तिला फारसा त्रास नाही. तेलातला ड्युअल क्लचही गर्दी बऱ्यापैकी सोसतो. सीव्हीटीत तर पायऱ्यांचे गिअरच नसतात, पट्टा आणि पुली असतात, तिची दुखणी वेगळी. आणि एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर करते. तिथे मान पुढे-मागे हलते, पण तो तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. शोरूममध्ये या सगळ्यांना एकच शब्द वापरतात, ‘ऑटोमॅटिक’. माणूस आपल्या रोजच्या रस्त्याला न मानवणारी गाडी घेऊन बसतो याचं मोठं कारण तेच आहे.


मनमोकळी:

‘चालवण्याची पद्धत’ हे वाचून राहवलं नाही. रानवाट, हे वाक्य ऐकणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. फोर्डचा पॉवरशिफ्ट नावाचा ड्राय ड्युअल क्लच गिअरबॉक्स फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टमध्ये होता. ऑस्ट्रेलियात लोकांनी गाडी थरथरते अशा तक्रारी केल्या, तर त्यांनाही तुमच्या चालवण्यामुळे होतंय असं सांगितलं गेलं. कंपनीला दोष ठाऊक असूनही असं सांगितलं जात होतं, हेच तिथल्या ग्राहक आयोगाचं म्हणणं होतं. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि 2018 मध्ये फोर्ड ऑस्ट्रेलियाला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. तक्रारदारांना दिलेली वागणूक कोर्टाने नुसती चुकीची नाही, तर अन्यायकारक ठरवली.

फोक्सवॅगननेही 2013 मध्ये जगभरातल्या 16 लाख गाड्या परत बोलावून सात गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घातलं होतं. उष्ण-दमट हवेत आणि थांबत-थांबत चालवताना त्या तेलामुळे आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये बिघाड होत होता.

मी हे कंपन्यांना झोडपायला लिहीत नाही. बड्या कंपन्यांच्या हातूनही असा दोष राहू शकतो, आणि तो काही वर्षांनी त्याच कबूल करतात, एवढंच सांगायचं आहे. तोवर गाडी चालवणाऱ्याने स्वतःला दोष देत बसायचं कारण नाही.


खडीवाट:

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, पण पश्चात्ताप तोच. मी डिझेल गाडी घेतली. गाडीत तसा काहीही दोष नाही. माझा रोजचा रस्ता मात्र जेमतेम चार-पाच किलोमीटरचा. नव्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती भरली की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून एक्झॉस्ट साधारण 600 अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्याला सलग थोडा वेळ बऱ्या वेगाने चालणं लागतं. माझी गाडी तापायच्या आत घर येतं. जाळणं अर्धवट राहतं, दिवा लागतो, पुन्हा सर्व्हिस सेंटर.

वर एक असंही कळलं की ते जादा डिझेल पूर्ण जळलं नाही तर सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक ओढली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं! मी आधी आनंदलो होतो. ऑइल पातळ होतंय आणि इंजिन झिजतंय हे टेक्निशियनने सांगितल्यावर समजलं. विकणाऱ्याने मला मायलेज सांगितलं, पिकअप सांगितला, सनरूफ उघडून दाखवलं. ‘तुमचं रोजचं अंतर किती?’ हा एक प्रश्न विचारला नाही.


कागदीनाव:

रानवाट, तुमच्या नवऱ्याच्या ‘एवढे पैसे घातलेत’ या मुद्द्याबद्दल बोलायचं आहे. घातलेले पैसे गाडी ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. आर्केस आणि ब्लूमर या दोघांनी 1985 मध्ये प्रयोग करून दाखवलं की ज्यात जास्त पैसे घातले त्याला माणूस जास्त चिकटून राहतो, मग ते फायद्याचं असो वा नसो. हिशेब पुढचाच करायचा: आज विकली तर किती येतील, ठेवली तर वॉरंटी संपल्यावर किती जातील, आणि भाड्याच्या गाड्यांवर सध्या किती जातात. तो भाड्याचा आकडा तुम्ही कुठेच धरलेला नाही, आणि तो खर्च याच गाडीचा आहे.

मात्र तुमच्या नवऱ्याचा दुसरा मुद्दा, वॉरंटीचा, मला पूर्ण पटतो. वॉरंटी असताना दुरुस्त न करता विकणं म्हणजे हातात असलेला हक्क दुसऱ्याला फुकट देणं.


शंकासूर:

रिव्ह्यू वाचूनही कळत नाही मग? रानवाटताईंनी तर सगळं वाचलं होतं म्हणतात.


कागदीनाव:

@शंकासूर, रिव्ह्यू कोण लिहितं ते बघायला हवं. 1957 मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी नुकतीच नवी गाडी घेतलेल्या लोकांना गाठलं. ही माणसं स्वतः घेतलेल्या गाडीच्याच जाहिराती जास्त वाचत होती, आणि घ्यायचा विचार करून सोडून दिलेल्या गाड्यांच्या कमी. निर्णय झाल्यावर माणूस त्याला दुजोरा शोधत राहतो. पहिल्या महिन्यात लिहिलेला रिव्ह्यू असा असतो. मी हल्ली दोन-तीन वर्षं गाडी वापरलेल्यांचंच वाचतो. त्यातही ‘वॉरंटी संपल्यावर काय झालं’ हा भाग आधी.


मनमोकळी:

कुणी दुसऱ्या प्रश्नाला हात घालत नाहीये. सांगायचं की नाही? माझं उत्तर: सांगायचं. चौकात गाडी थांबली तेव्हा मागे तुमची आई होती. उद्या दुसऱ्या कुणाची तरी असेल.


शंकासूर:

बोलायला सोपं आहे. सांगितलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, किंवा निम्म्या भावात मागेल. बाजारात कुणीच सांगत नाही. ताईंनीच का नुकसान सोसायचं?


कागदीनाव:

‘बाजारात कुणीच सांगत नाही’ यावरच अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांचा 1970 चा प्रसिद्ध निबंध आहे, उदाहरण जुन्या गाड्यांचंच. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा चांगल्या-वाईट गाड्यांची सरासरी धरूनच भाव देतो. त्या भावात चांगली गाडीवाला विकायला राजी होत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे राहतात खराब गाड्या, भाव आणखी पडतो. 2001 च्या नोबेलमध्ये या विचाराचा मोठा वाटा होता. शंकासूर, तुम्ही म्हणता ते ‘निम्म्या भावात मागेल’ हे न सांगण्याच्या सवयीतूनच आलेलं आहे. आणि ज्याच्याकडे दुरुस्तीचे कागद आहेत, तो या कोंडीतून सुटू शकतो. घेणाऱ्याची भीती कागद बघून कमी होते.


टॉर्क:

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, विषय निघालाच आहे तर. विकण्याआधी काही जण स्कॅनरने एरर कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाच्या खुणा, पुसून टाकतात, की इंजिनचा दिवा विझतो. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात, आणि पुरेशी चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. स्कॅनरवर त्या ‘रेडी’ नाहीत असं दिसलं तर विकणाऱ्याला कारण विचारा. कदाचित नुकतीच बॅटरी काढली असेल. पण विचारा तरी.

दुसरं, रानवाटताई, 17 अक्षरी चॅसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला दोन वेगवेगळे प्रश्न विचारा. या नंबरवर रिकॉल आहे का, आणि या तक्रारीसाठी टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन आहे का? रिकॉल म्हणजे दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावणं, तो जाहीर असतो. बुलेटिन म्हणजे कंपनीने वर्कशॉपला पाठवलेली सूचना: अशी तक्रार आली तर हा भाग बदला, हे सॉफ्टवेअर टाका. ग्राहकाला ती आपणहून कुणी सांगत नाही. बुलेटिन निघालं, की चालवण्याच्या पद्धतीचा विषय तिथेच संपतो.

आणि तोवर चालवताना: पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका. थोडं अंतर पडू द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून सरळ पुढे जा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. गर्दीत मॅन्युअल मोडला पहिल्यावरच ठेवलीत तर पहिला-दुसरा-पहिला हे नाचणं थांबतं. याने दोष जात नाही, क्लचला श्वास मिळतो.


रानवाट:

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, पण सांगण्यासारखं काही असेल तेव्हाच लिहायचं ठरवलं होतं.

टॉर्कदादांनी सांगितलं तसंच केलं. संध्याकाळच्या गर्दीत गचके सुरू झाल्यावर थेट सर्व्हिस सेंटर गाठलं, इंजिन चालू ठेवलं आणि टेक्निशियन शेजारी बसल्याशिवाय मी खाली उतरणार नाही असं शांतपणे सांगितलं. आधी टाळाटाळ झाली. मग एक तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन आला. पहिल्याच सिग्नलला त्याला गचका बसला आणि तो आपणहून म्हणाला, ‘हे नॉर्मल नाहीये.’ एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझं म्हणणं गाडीत बसून ऐकलं. मला गाडी चालवता चालवता रडू आलं, त्याला बिचाऱ्याला काय बोलावं कळेना.

जॉब कार्डवर तक्रार पूर्ण लिहून घेतली. बुलेटिनबद्दल विचारल्यावर अ‍ॅडव्हायझर आत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. होतं. आमच्या चॅसिस नंबरला लागू होणारं, क्लच पॅक बदलून नवं सॉफ्टवेअर टाकण्याचं. वॉरंटीत काम झालं. चालवण्याच्या पद्धतीबद्दल पुन्हा कुणी शब्द काढला नाही. मी मात्र ते वाक्य चुकीचं होतं असं लेखी मागितलं आहे. मिळेल न मिळेल, मागणं सोडणार नाही.

गाडी आता बरी आहे. पूर्वीसारखी झालीये असं म्हणवत नाही, कारण चढावर ब्रेक सोडताना माझा पाय अजून आखडतो.


मनमोकळी:

लेखी मागितलंत हे फार बरं केलंत. मग ठेवणार की विकणार?


रानवाट:

कागदीनाव यांनी सांगितलेला हिशेब आम्ही दोघांनी बसून केला. भाड्याच्या गाड्यांचा आकडा बघून नवरा गप्प झाला, आणि क्लच वॉरंटीत बदलून मिळाल्याने किती वाचलं ते बघून मी. तूर्त ठेवतो आहोत. येता उन्हाळा त्याच गर्दीत काढू. पुन्हा एकदा जरी तापल्याचा इशारा आला तरी विकायची, यावर दोघांचं एकमत आहे. वाढीव वॉरंटी घेतली आहे, पण त्यात क्लचप्लेट धरतात का ते आधी वाचलं. बऱ्याच ठिकाणी क्लच ‘झिजणारा भाग’ म्हणून वगळलेला असतो, आमच्या कागदात गिअरबॉक्सच्या दोषाने खराब झाला तर धरला आहे. घेणाऱ्यांनी हे कलम शोधून वाचाच.

विकायची वेळ आली तर सगळी जॉब कार्डं, ‘तक्रार आढळली नाही’ वालीसुद्धा, फाइल करून घेणाऱ्याच्या हातात देणार. शंकासूर, भाव कमी येईल हे तुमचं बरोबर आहे. येऊ दे. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास चालवून बघा असं मीच त्यांना सांगणार आहे.

आईला अजून विचारलेलं नाही. ती आपणहून बसेल तेव्हा बसेल.

@खडीवाट, तुमच्या त्या वाढलेल्या ऑइलचं पुढे काय झालं? माझ्या भावाचीही डिझेल आहे आणि रोजचं अंतर तुमच्याइतकंच.


खडीवाट:

ऑइल आणि फिल्टर बदलले, ते नेहमीच्या मुदतीच्या बरेच आधी. आता आठवड्यातून एकदा तरी हायवेवर अर्धा तास एका वेगाने चालवून आणतो, आणि दिवा लागला असेल तर जाळणं पूर्ण होईपर्यंत इंजिन बंद करत नाही. जाळणं चालू आहे हे ओळखायची खूण सांगतो: गाडी उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर राहतात, पंखा जोरात फिरतो आणि गरम वास येतो. तेव्हा घर आलं असलं तरी आणखी एक फेरी मारायची. भावाला सांगा, दर रविवारी गाडी थंड असताना डिपस्टिक बघ, आणि ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल तर गाडी न पळवता आधी सर्व्हिस सेंटरला फोन कर.